पेन्शन येऊन तीस वर्षं झाली, रेकॉर्डमधलं नाव अजून चुकीचं: दुरुस्ती कुठून सुरू करायची

माजी सैनिक वारतो. दिवसकार्य उरकतं, मुलं आईला घेऊन फॅमिली पेन्शन सुरू करायला जातात आणि तिथे पहिल्यांदा कळतं की पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशावर, आईचं नाव ‘शांताबाई’ आहे, आधारवर ‘कमल’. मग फेऱ्या सुरू होतात. बँक म्हणते स्पर्शवर, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर बघा. स्पर्शचं केंद्र म्हणतं रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र येतं की अमुक कागद कमी आहे, सैनिक बोर्डाच्या सहीने परत पाठवा. यात महिनेच्या महिने जातात आणि तेवढा काळ त्या माउलीच्या हातात पैसा पडत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बुलढाणा, रत्नागिरी, जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं गेली तिथे ही अडचण पुन्हा पुन्हा दिसते. कधी पत्नीची जन्मतारीखच नोंदलेली नसते, कधी धाकट्या मुलीचं नाव रेकॉर्डला लागलेलं नसतं, कधी सेवेचे काही महिने कमी धरलेले असतात. माजी सैनिकांचे हे कागद मी बरेच हाताळले आहेत. फाइल परत येण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण सापडतं: दुरुस्ती शेवटच्या कागदापासून सुरू केलेली असते. चूक ज्या कागदात सर्वांत आधी शिरली, तिथपर्यंत कुणी गेलेलंच नसतं.

आधी एक गोष्ट करू नका

‘पीपीओवर जे आहे तेच आधारवर करून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. आधार बदललं की पॅन, रेशन कार्ड, सातबारा, मतदार यादी, बँक पासबुक सगळ्यांशी नवा विसंवाद तयार होतो. शिवाय आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. चुकीच्या नोंदीसाठी ती संधी घालवायची नसते. खरं नाव ज्या कागदांवर आहे ते तसेच ठेवा आणि फौजेचं रेकॉर्ड दुरुस्त करून घ्या.

चूक शिरते कुठे

जवान सुट्टीवर येऊन लग्न करतो, परत युनिटला जातो आणि क्लर्कला पत्नीचं नाव सांगतो. त्यावरून युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे वैयक्तिक नोंदीचा आदेश, काढतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, नोंद चढते. पुढे पेन्शनच्या वेळी त्याच नोंदीवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं, एलपीसी-कम-डेटाशीट (शेवटच्या पगाराचं आणि माहितीचं पत्रक) तयार होते, ती प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन्सकडे, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या लेखा कार्यालयाकडे जाते आणि तिथून पीपीओ निघतो. पीपीओवरून स्पर्श, स्पर्श आणि डिस्चार्ज बुकावरून ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड. म्हणजे पहिल्या ऑर्डरमध्ये जे लिहिलं गेलं ते तीस-चाळीस वर्षं एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत राहतं.

त्यात आपल्याकडची एक खास रीत आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायचं. शाळेच्या दाखल्यावर कमल, सासरी शांता, म्हातारपणी सगळे शांताबाई म्हणणार. जवानाने सासरचं नाव सांगितलं, आधार मात्र पुढे शाळेच्या दाखल्यावरून निघालं. यात कुणीही खोटं बोललेलं नाही, तरी कागदोपत्री दोन बायका झाल्या. दुसरं कारण इंग्रजी स्पेलिंगचं. क्लर्क पंजाबचा किंवा केरळचा, नाव कानाने ऐकून लिहिणार. जाधवच्या शेवटी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, पवारमध्ये ‘ए’ एक की दोन, आडनाव आधी की शेवटी, हे त्या दिवशी त्या टेबलावर ठरलं. १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचं आडनावही इंग्रजी कागदांत एकसारखं लिहिलेलं सापडत नाही. मग इतरांची काय कथा!

पहिलं काम: सगळे कागद एका ओळीत मांडा

डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ, नंतर आलेले सगळे कॉर पीपीओ (दुरुस्तीचे पीपीओ), स्पर्शच्या प्रोफाइलची छापील प्रत, ईसीएचएस कार्ड, आधार, पॅन, पासबुक. प्रत्येकावरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न्‌ अक्षर कोऱ्या कागदावर उतरवा. चूक कोणत्या पायरीवर शिरली ते इथेच दिसतं, आणि पुढचा मार्ग त्यावर ठरतो.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ दोन्ही बरोबर, फक्त स्पर्शवर चूक असेल तर जुनी माहिती नव्या प्रणालीत चढवताना झालेला तो घोळ आहे. त्याला प्रतिज्ञापत्र वगैरे काही लागत नाही. पीपीओची प्रत जोडून स्पर्शवर दुरुस्तीची विनंती किंवा तक्रार नोंदवायची. स्वतःला जमत नसेल तर सीएससी केंद्रातून. डिस्चार्ज बुक बरोबर आणि पीपीओ चूक, तर रेकॉर्ड ऑफिसला तसं दाखवून कॉर पीपीओ मागायचा. तोही फार अवघड नाही, कारण मूळ नोंद तुमच्या बाजूने आहे. डिस्चार्ज बुकच चुकीचं असेल तर मात्र शीट रोल दुरुस्त झाल्याशिवाय खालचं काहीही हलणार नाही. वर्षानुवर्षं अडकलेल्या फायली बहुतेक याच प्रकारच्या.

शीट रोलवर नेमकं काय आहे हे माहीत नसेल तर अंदाजावर अर्ज करू नका. कुटुंबाच्या नोंदीचा उतारा आधी मागवा. साध्या अर्जाने मिळाला तर उत्तम. नाही तर माहितीच्या अधिकारात, १० रुपये फी भरून. उत्तराची मुदत ३० दिवसांची. स्वतःच्या सेवेचे कागद मागणाऱ्याला तो अधिकार आहेच.

कोणतं रेकॉर्ड ऑफिस

मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव. महार रेजिमेंटचं सागर, मध्य प्रदेश. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्प. बॉम्बे सॅपर्सचं खडकी. आर्मर्ड कोअर आणि मेकनाइज्ड इन्फंट्री दोन्ही अहिल्यानगर. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं कामठी. सिग्नल्स जबलपूर, ईएमई सिकंदराबाद, मेडिकल कोअर लखनौ. नौसैनिकांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्सकडे आणि वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला.

पेन्शन आल्यावर जे डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती झाले त्यांची दोन रेकॉर्डं असतात: जुन्या रेजिमेंटचं एक आणि केरळात कन्नूरला डीएससीचं दुसरं. दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागते. बेळगावला नाव सुधारलं म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरांत कन्नूरची पेन्शन अडकते, हे पुन्हा पुन्हा घडतं. तसंच, नायब सुभेदार होऊन आलेल्यांनी अर्जात दोन्ही क्रमांक लिहावेत, जवान असतानाचा आणि जेसी (ज्युनियर कमिशन्ड अधिकारी झाल्यावरचा) क्रमांक. जुने कागद जुन्या क्रमांकाखाली लागलेले असतात. क्रमांकाच्या शेवटचं अक्षर गाळू नका.

पत्नीचं नाव

माजी सैनिक हयात असेल तर हे काम सरळ आहे, आणि म्हणून ते आत्ताच करा असा माझा आग्रह आहे. त्याच्या स्वतःच्या सहीचा अर्ज, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, दोघांचा एकत्र फोटो, पत्नीचं आधार आणि पॅन, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो, ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला असेल तर तो. बऱ्याचदा वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस मागतात, कधी राजपत्रही. कोणतं लागेल ते रेकॉर्ड ऑफिसगणिक बदलतं, म्हणून त्यांची यादी आधी मागवा आणि तीच पाळा. हा संच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, म्हणजेच सैनिक बोर्डामार्फत पाठवायचा. तिथली पडताळणी आणि शिक्का नसलेला अर्ज बहुधा परत येतो.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर नीट लिहा. निम्मी प्रकरणं इथे बिघडतात असं मी म्हणेन. ‘माझ्या पत्नीचं नाव बदललं आहे’ असं लिहिलं की ते नाव बदलाचं प्रकरण होतं, मग राजपत्र कुठे आहे असा प्रश्न येतो आणि ते राजपत्र लग्नाच्या तारखेशी जुळत नाही. घडलं काय ते लिहा: लग्नाआधीचं नाव अमुक, लग्नानंतर सासरी ठेवलेलं नाव तमुक, सेवा अभिलेखात तमुक नोंदलं आहे, आधार-पॅनवर अमुक आहे, ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, माझी एकमेव कायदेशीर पत्नी, आणि यापुढे नोंद अमुक नावाने व्हावी. लग्नाची तारीख डिस्चार्ज बुकात आहे तीच लिहा. ती घरच्यांच्या आठवणीशी जुळत नसेल तर तेही प्रतिज्ञापत्रात मांडा. एक चूक सुधारताना दुसरी उघडी पडली तर फाइल थांबते.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून सोबत जोडा. सागर किंवा लखनौच्या टेबलावरच्या माणसाला मोडक्या अक्षरातला दाखला वाचता यावा ही अपेक्षा धरू नका. आणि इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. आधारवर आहे तेच. भाषांतरकाराने, नोटरीने, टायपिस्टने स्वतःच्या मनाने वेगळं लिहिलं तर तिथेच थांबवून पुन्हा करून घ्या.

सगळं मान्य झालं की नवी पार्ट टू ऑर्डर निघते आणि त्यावरून कॉर पीपीओ. ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लेखी मागून ठेवा. ‘काम झालं’ एवढ्या तोंडी निरोपावर फाइल बंद करू नका.

पत्नीची जन्मतारीख: कुणाच्या लक्षात न येणारं नुकसान

नावाच्या गडबडीत हा मुद्दा मागे पडतो. पेन्शन असो की फॅमिली पेन्शन, वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ती ३० टक्के होते, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पूर्ण दुप्पट. ही वाढ जन्मतारखेवर चालते. जुन्या पीपीओत पत्नीची जन्मतारीख नसते, काहींत तर पत्नीचं नावही नसतं. मग ऐंशी ओलांडलेली आजी साध्या दरानेच पेन्शन घेत राहते. तिला कुणी सांगत नाही आणि ती मागत नाही. घरात अशी आजी असेल तर तिचा पीपीओ आजच काढून बघा. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड यांवरची तारीख एकच आहे ना, हे पाहून अर्ज करा. आधारवर फक्त वर्षावरून १ जानेवारी टाकलेली असेल आणि दुसरीकडे वेगळी तारीख असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या.

मुलांच्या नोंदी राहून गेल्या असतील तर जन्मदाखल्यासह उशिरानेही पार्ट टू ऑर्डर निघते. पेन्शन आल्यावर जन्मलेल्या मुलांचंही नाव लागतं. दिव्यांग मूल असेल, किंवा विधवा, घटस्फोटित, अविवाहित मुलगी आई-वडिलांवर अवलंबून असेल, तर ही नोंद आई-वडील हयात असतानाच करा. त्यांच्या माघारी तिच्या फॅमिली पेन्शनचा आधार तोच कागद असतो.

सैनिकाची स्वतःची जन्मतारीख

इथे खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. भरतीच्या वेळी नोंदलेली जन्मतारीख सेवेनंतर बदलून मिळत नाही. न्यायालयंही सेवेच्या शेवटी किंवा त्यानंतर आलेल्या अशा मागण्या सहसा ऐकत नाहीत. जनरल व्ही. के. सिंह लष्करप्रमुख होते, त्यांच्या जन्मवर्षाबद्दल सैन्याच्या मुख्यालयातल्याच दोन शाखांत दोन नोंदी होत्या. अॅडज्युटंट जनरलच्या शाखेत १९५१, मिलिटरी सेक्रेटरीच्या शाखेत १९५०. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि १९५० धरूनच ते त्या मे महिन्यात निवृत्त झाले. गावचा शाळेचा दाखला घेऊन तीस वर्षांनी जाणाऱ्याने यातून काय ते समजून घ्यावं. अपवाद एकच: शीट रोलवर तारीख बरोबर आहे आणि पुढच्या कागदावर उतरवताना चुकली. ती लेखनाची चूक असते आणि सुधारते. म्हणून याही बाबतीत आधी शीट रोलचा उतारा. आधारवरची तारीख वेगळी असेल तर इथे मात्र उलटं करा, फौजेच्या नोंदीप्रमाणे आधार करून घ्या, शाळेचा दाखला त्याला आधार देत असेल तर.

सेवा, हुद्दा, मेडल, मेडिकल

नाव सुधारणं वेगळं आणि सेवेचा काळ किंवा हुद्दा सुधारणं वेगळं. इथे प्रतिज्ञापत्राला किंमत नाही, त्या काळातला कागद लागतो: युनिटची ऑर्डर, मूव्हमेंट ऑर्डर, पे बुक, रुग्णालयाचे कागद. १९६५ आणि १९७१ च्या मेडलांचं, म्हणजे समर सेवा स्टार, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार यांचं, डिस्चार्ज बुकात नोंद असेल तर काम रेकॉर्ड ऑफिसमार्फत होतं. नोंद नसेल तर त्या काळात युनिट कुठे होतं आणि तुम्ही त्या युनिटच्या पटावर होता का, हे रेकॉर्डवरून दाखवावं लागतं.

मेडिकल बोर्डावर सोडलेल्यांच्या कागदावर ‘आजार सेवेमुळे नाही’ असा शेरा असतो आणि लोक तो अंतिम मानून गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी तो आजार नोंदलेला नसेल तर तो सेवेतच जडला असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. तेव्हाच्या नियमांखाली बाहेर पडलेल्यांनी रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत मागवावी आणि जाणत्या वकिलाला दाखवावी.

‘तुमचं रेकॉर्ड नष्ट झालं’ असं उत्तर आलं तर

हे उत्तर खोटं असतंच असं नाही. पेन्शन नसलेल्यांचे सेवा-कागद २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट केले जातात. पण लाँग रोल कायम ठेवला जातो. क्रमांक, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण एवढं त्यात असतं. तेव्हा हार न मानता लाँग रोलचा साक्षांकित उतारा मागा. जुनं डिस्चार्ज बुक घरात ट्रंकेत पडलेलं असेल तर ते जिवापाड जपा. रेकॉर्ड ऑफिसकडे कागद उरला नसताना तुमच्या हातातली मूळ प्रतच पुरावा असते. मूळ प्रत टपालाने कधीही पाठवू नका.

उत्तरच येत नाही

प्रत्येक अर्ज स्पीड पोस्टने, पोच जपून. दोन-तीन महिन्यांनी आधीच्या अर्जाची तारीख लिहून स्मरणपत्र. मग केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार. रक्षा पेन्शन समाधान आयोजन किंवा पेन्शन अदालत जवळपास होणार असेल तर फाइलसह हजर राहा. समोर बसून बोललं की पत्रांनी न सुटलेली गाठ सुटते, हे मी पाहिलं आहे.

त्यानंतरची पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. रेकॉर्ड ऑफिस परराज्यात असलं तरी निवृत्त माणूस आपण राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो. आधी लेखी अर्ज केलेला असायला हवा. नकार आल्यापासून सहा महिन्यांत, किंवा अर्जाला सहा महिने उत्तर नसेल तर त्यापुढच्या सहा महिन्यांत दाद मागायची. उशीर झाला तर सबळ कारण देऊन तो माफ करून घेता येतो.

‘आता इतक्या वर्षांनी कोण ऐकणार’ म्हणणाऱ्यांनी तरसेम सिंह प्रकरण माहीत करून घ्यावं. हा सैनिक १९८३ मध्ये वैद्यकीय कारणाने बाहेर पडला आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तत्त्व सांगितलं ते असं: पेन्शन दरमहा नाकारली जाते तेव्हा अन्याय दरमहा नव्याने होतो, म्हणून केवळ उशिरामुळे दावा मरत नाही. मात्र मागची थकबाकी साधारणपणे दावा केल्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लक्षात घ्या. हक्क शिल्लक आहे, पण थांबलेलं प्रत्येक वर्ष हातातून गेलं. आणि ही सवलत पेन्शनसारख्या चालू देण्यांना आहे. बढती, सेवाज्येष्ठता यांचे जुने दावे, ज्यात दुसऱ्या कुणाचा हक्क हलतो, ते उशिरामुळे फेटाळले जातात.

सैनिक आधीच गेला असेल तर

मग अर्ज पत्नीच्या नावाने. सैनिकाची सही मिळणार नाही, म्हणून ओळख दुसऱ्या कागदांनी उभी करावी लागते: मृत्यूचा दाखला, वारस दाखला, तलाठी आणि सरपंचांचे दाखले, जुना एकत्र फोटो, ईसीएचएस किंवा कॅन्टीन कार्डावरचा तिचा फोटो, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवरचं आईचं नाव. हा शेवटचा कागद लोक विसरतात, आणि तो फार बोलका असतो. स्पर्शवर मृत्यूची नोंद लगेच करा. सैनिकाची पेन्शन खात्यात येत राहिली तर पुढे वसुली लागते आणि आधीच अडलेल्या घरावर तो नवा बोजा.

पहिली पत्नी वारल्यावर दुसरं लग्न झालं असेल आणि रेकॉर्डला पहिलीचंच नाव असेल, तर पहिलीचा मृत्यूचा दाखला आणि दुसऱ्या लग्नाचा पुरावा दोन्ही लागतात, तारखांच्या क्रमासह. पहिली हयात असताना दुसरं लग्न झालं असेल तर ही साधी दुरुस्ती राहत नाही. तिथे थेट वकिलाकडे जा, एजंटाकडे नको.

कॉर पीपीओ हातात आला की त्यावरचं प्रत्येक अक्षर आधारशी ताडून बघा, कारण दुरुस्तीच्या कागदातही चुका होतात. मग स्पर्शवर तीच माहिती दिसते का ते पाहा, ईसीएचएस कार्डासाठी नव्याने अर्ज करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातलं ओळखपत्र बदलून घ्या आणि आयुष्यभराच्या थकबाकीसाठीचं (पेन्शनर वारल्यावर देणं राहिलेल्या पेन्शनसाठीचं) नामनिर्देशन नव्या नावाने भरा. कॉर पीपीओच्या दोन साक्षांकित प्रती काढून एक घरात आणि एक बाहेरगावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवा.